‘हार्मोन्स जागेवर आणा, नैराश्य जाईल’ हे कितपत खरं?

एक मजकूर सगळीकडे फिरतोय. बायकांचं नैराश्य म्हणजे हार्मोन्सची बिघडलेली पातळी. रक्त तपासा, पातळी सुधारा. बाळंतपणानंतर तर रडू येतंच. नाहीच जमलं तर पाळी गेल्यावर आपोआप बरं वाटेल.

‘पातळी बिघडते.’ घोळ इथूनच सुरू होतो. पाळीआधी दर महिन्याला तीव्र नैराश्य येणाऱ्या स्त्रियांची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोन्सची पातळी बहुधा इतरांसारखीच निघते. अमेरिकेत श्मिट, रुबिनॉव आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीआधी त्रास होणाऱ्या स्त्रियांच्या बीजकोशांचं काम औषधाने थांबवलं, तेव्हा अनेकींचा त्रास कमी झाला. मग त्यांना हार्मोन पुन्हा दिलं, तर त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांना तेच देऊन काहीच झालं नाही. फरक होता तो हार्मोन्सचा चढउतार मेंदू कसा झेलतो यात.

‘रक्त तपासा.’ मग या तपासणीतून कळणार काय? पाळीआधीच्या नैराश्याच्या निदानासाठी किमान दोन पाळीचक्रं रोजच्या रोज लक्षणांची नोंद ठेवावी लागते. वही पुरते. बाळंतपणानंतर मात्र थायरॉइड जरूर तपासावं. ते बिघडलं तरी अशीच मरगळ येते.

‘पातळी सुधारा.’ पण पाळीआधीच्या त्रासावर हार्मोन न देता एसएसआरआय गटातली नैराश्याची औषधं चालतात, तीही काही दिवसांतच. एरवी त्यांना काही आठवडे लागतात. काही जणींना ती फक्त पाळीआधीचे दोन आठवडे दिली तरी पुरतं.

‘बाळंतपणानंतर रडू येतंच.’ येतं, पहिल्या काही दिवसांत, आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तो आजार. कधी तो गरोदरपणातच सुरू झालेला असतो, आणि तेव्हा कोणी विचारतही नाही.

‘पाळी गेली की बरं वाटेल.’ पाळी जाण्याआधीची अनियमित वर्षंच जोखमीची असतात. पूर्वी कधीही नैराश्य न आलेल्या स्त्रियांनाही ते या काळात पहिल्यांदा येऊ शकतं. ‘थांब थोडं’ हा सल्ला नेमका या वर्षांत देणं मला घातक वाटतं.

राहिलं ‘सगळं हार्मोन्समुळेच’. वयात येण्याआधी मुलगे-मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखं असतं, नंतर स्त्रियांमध्ये ते सुमारे दुप्पट होतं. इतपत हार्मोन्सकडे बोट दाखवता येतं. पण त्याच वयापासून छेडछाड, हिंसा, घरकामाचं ओझंही वाढतं. सतत मारहाण सोसणाऱ्या बाईला हार्मोनचा रिपोर्ट हातात देऊन घरी पाठवणं हा कुठला उपचार?