पाड्यावर कोरोना नव्हता, की नोंद नव्हती?

नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. त्याचा आशय असा: कोरोनाने जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही, बंगला आणि झोपडी यांत फरक केला नाही, उलट झोपडपट्टीतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडूनही तिथे माणसे फारशी दगावली नाहीत आणि आदिवासी पाड्यांवर तर रोग पोहोचलाच नाही, तेव्हा महामारीचा समाजवार अभ्यास म्हणजे मेलेल्यांचीही जात काढण्याचा उद्योग आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असे नाही, कारण दुसऱ्या लाटेत पैसेवाल्यांनाही खाट मिळेना हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण एवढ्यावरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

विषाणूला जात कळत नाही हे मान्य. मात्र तो माणसापर्यंत पोहोचतो तो घराच्या आकारातून, कामाच्या स्वरूपातून आणि पाण्याच्या नळावरच्या रांगेतून. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली तेव्हा कॉलेज रोडवरचा नोकरदार लॅपटॉप उघडून घरी बसू शकला. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचा खुडा चालू होता, आणि घड काही घरबसल्या खुडता येत नाहीत. मुंबईकडून कसारा घाट पायी चढून आलेल्या मजुरांना नाशिकमध्ये अडवून निवारा केंद्रांत ठेवण्यात आले होते. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे श्रमिक रेल्वे सुटली तेव्हा कुठे त्यांच्यातल्या काहींची सुटका झाली.

प्रतिपिंडांचा जो आकडा सांगितला जातो तो बहुधा मुंबईचा आहे. जुलै २०२० मध्ये तिथल्या तीन प्रभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, तर त्याच प्रभागांतल्या झोपडपट्टीबाहेरच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. म्हणजे ज्या आकड्याचा आधार घेतला, तोच ‘बंगला आणि झोपडी यांत फरक केला नाही’ या दाव्याला खोटे ठरवतो. राहिला कमी मृत्यूंचा प्रश्न. कोरोनाने मरण्याचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो आणि गरीब वस्त्यांत तरुणांचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे दोन वस्त्यांची तुलना करायची तर साठीच्या माणसाची साठीच्याशीच करावी लागते. ते न करता ‘गरिबांची प्रतिकारशक्ती दांडगी’ असे म्हणणे म्हणजे महाविद्यालयाच्या वसतिगृहात कोणी म्हातारपणाने मरत नाही म्हणून तिथली मेस पौष्टिक आहे, असे ठरवण्यासारखे आहे.

पाड्यांविषयीचे विधान मला सर्वांत जास्त खटकते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर एका घरी मी मृत्यूची नोंद पाहिली आहे. एप्रिल २०२१ मध्ये मुकादमाची उचल फेडून द्राक्षबागेतून परतलेल्या टोळीतला हा माणूस, वय पंचावन्नच्या आसपास. आठ दिवस ताप आणि खोकला, मग धाप. आधी भगत झाला, मग एका खासगी डॉक्टरचे सलाईन. तपासणी झालीच नाही, कारण ‘दवाखान्यात नेले की माणूस परत येत नाही आणि मातीही मिळत नाही’ असे तेव्हा घराघरांत बोलले जात होते. मुलाने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला दाखला काढून दाखवला. त्यावर नाव, तारीख, गाव सारे होते. वडील कशाने गेले, हे सांगणारा एकही कागद त्या पेटीत नव्हता. हा मृत्यू कोरोनाचाच होता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तो कोरोनाचा नव्हता असे म्हणण्याचा अधिकार त्या फिरत्या मजकुराला कोणी दिला?

ही उणीव एका पाड्यापुरती नाही. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ ते २३ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीने ५०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान आले, तेही तपासणीतून किंवा डॉक्टरच्या निदानातून कोरोना सिद्ध झालेल्यांसाठी. ज्याची तपासणी नाही त्याची कोरोनामृत्यू म्हणून नोंद नाही, आणि ज्याची तशी नोंद नाही त्याच्या घरी अनुदान नाही. लसीचेही तेच. १ मे २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, पण आधी कोविन या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवण्याची अट होती. सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळायला २४ मे उजाडला. ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, तिथे या तीन आठवड्यांचा अर्थ वेगळा होतो.

आता ‘मेलेल्यांची जात काढण्या’विषयी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईच्या आरोग्य खात्याने समाजवार मृत्युदर नोंदवले होते: हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, तर ज्यांना अहवालाने ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले त्यांच्यात ६१.६. तेव्हा ते रकाने भरले गेले म्हणूनच ही सातपट दरी आज आपल्याला दिसते. २०२० विषयी जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून अंदाज काढला की आयुर्मानातली घट उच्चवर्णीय हिंदूंमध्ये १.३ वर्षे, अनुसूचित जातींत २.७, अनुसूचित जमातींत ४.१ आणि मुस्लिमांत ५.४ वर्षे होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हे अंदाज फेटाळले आहेत, हेही सांगितले पाहिजे. शिवाय हा अभ्यास १४ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांपुरता होता आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता.

अभ्यासाने समाजात फूट पडते, या भीतीला नाशिक जिल्ह्यातल्याच मालेगावचे उत्तर आहे. एप्रिल २०२० मध्ये तिथे रुग्ण वाढले तेव्हा दाट वस्ती, एका खोलीतली मोठी कुटुंबे आणि यंत्रमागावरचे काम यांचा हिशेब न करताच एका समाजाकडे बोट दाखवले गेले. जूनमध्ये रुग्ण कमी झाले तसे त्याच शहराच्या काढ्याचे गोडवे सुरू झाले. दोन्ही वेळी बोलणाऱ्यांच्या हाती आकडे नव्हते.

‘इतक्या वर्षांनी उकरून काय मिळणार’ असा शेवटचा आक्षेप असतो. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या ग्रामपंचायतींत आजही आहेत. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतल्या गावांचे २०१८ व २०१९ मधले एप्रिल-मेचे मृत्यू आणि २०२१ मधल्या त्याच दोन महिन्यांचे मृत्यू शेजारी-शेजारी मांडायचे, आणि मग द्राक्षबागांच्या निफाडचे तसेच मांडून पाहायचे. कारणाचा रकाना रिकामा असला तरी तारखेचा भरलेला आहे.