टांकसाळीचे आकडे पाहून संच पुरा होत नाही

नाणी जमवणाऱ्यांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. जुन्या अमेरिकन नाण्यांचे संच, म्हणजे एका प्रकारच्या नाण्याचं प्रत्येक सालाचं आणि टांकसाळीचं एकेक नाणं, पुरे करू पाहणाऱ्यांना त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. टांकसाळीने जे नाणं सर्वांत कमी पाडलं तेच सर्वांत दुर्मिळ, म्हणून आकडे पाहून खरेदी करा. १८०४ चा डॉलर आणि १९१३ चं लिबर्टी निकल (निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं) हाती नसेल तर संच अपुराच, तेव्हा हा कोट्यधीशांचा छंद. अल्बममध्ये लावण्याआधी नाणं लख्ख करून घ्या. आणि पुरा संच सुट्या नाण्यांपेक्षा हमखास जास्त भाव देतो. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि नवखी माणसं त्यांवर विसंबून पैसे घालवतात.

पहिला दावा सर्वांत घातक, कारण तो तर्कशुद्ध वाटतो. मॉर्गन डॉलरच घ्या. १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ साली पाडलेला हा चांदीचा डॉलर अनेकांचा आवडता. १८८५ मध्ये कार्सन सिटीच्या टांकसाळीने असे फक्त २ लाख २८ हजार डॉलर पाडले. १९०१ मध्ये फिलाडेल्फियाने पाडले ६९ लाखांहून अधिक. संदेशातल्या हिशेबाने १८८५-सीसी (सीसी ही कार्सन सिटीची खूण) तीसपट दुर्मिळ ठरावा. पण न वापरलेल्या, कोऱ्या स्थितीतलं नाणं हवं असेल, तर १९०१ चं मिळवताना घाम फुटतो आणि त्यासाठी कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात. १९०१ ची नाणी चलनात गेली, झिजली, वितळली. कार्सन सिटीच्या नाण्यांच्या थैल्या मात्र सरकारी तिजोरीत पडून राहिल्या. १९७२ ते १९८० या काळात अमेरिकन सरकारने त्या टपालाने विकल्या, तेव्हा १८८५-सीसीचीच दीड लाखाच्या आसपास नाणी निघाली. १८८४-सीसीचं तर आणखी नवल: ११ लाख ३६ हजार पाडली आणि त्यांतली ९ लाख ६० हजारांहून अधिक तिजोरीतच सापडली. उलट, झिजलेल्या स्थितीतलं १९०१ सहज परवडतं आणि झिजलेलं १८८५-सीसी महाग पडतं. म्हणजे वर्ष तेच, टांकसाळ तीच, पण स्थिती बदलली की दुर्मिळतेचं गणितही बदलतं.

वितळलेल्या डॉलरांचा उल्लेख आला, आणि इथे हा विषय थेट आपल्या घरापर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक कागदी नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले. सरकारकडे चांदी पुरेना. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानासाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. एका डॉलरात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी, रुपयात पावणेअकराच्या जवळपास. म्हणजे एका मॉर्गनमधून सव्वादोन रुपये. आजीच्या पेटीत पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल, तर त्यात एखाद्या मॉर्गनची चांदी असणं अगदी शक्य आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आणि मुद्दा असा, की कोणत्या वर्षाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद कुणी ठेवली नाही. मग नुसत्या टांकसाळीच्या आकड्यावरून उरलेली नाणी किती, हे कसं कळणार?

उरलेल्यांचा अंदाजही कायमचा नसतो. १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर अनेक वर्षं अत्यंत दुर्मिळ मानला जाई. कोऱ्या नाण्याची किंमत पुस्तकात १,५०० डॉलर होती. १९६२ च्या अखेरीस खजिन्यातून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. १८९३-एस (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ) मात्र एक लाखच पाडलं गेलं आणि ते आजही खरोखर दुर्मिळ आहे, हे मान्य. आकडा कधी खरं सांगतो, कधी फसवतो. तो नाणं शोधायला निघताना उपयोगी पडतो, किंमत ठरवताना एकटा पुरत नाही.

आता कोट्यधीशांचा मुद्दा. १८०४ चा डॉलर १८०४ साली पाडलेलाच नाही. त्या वर्षी टांकसाळीने जे डॉलर पाडले त्यांवर आधीचंच साल होतं. १८०४ साल कोरलेला डॉलर पहिल्यांदा घडला तो तीसेक वर्षांनी, मस्कतचा सुलतान आणि सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा यांना द्यायच्या भेटींसाठी. १९१३ च्या लिबर्टी निकलची पाच नाणी आहेत, आणि टांकसाळीच्या अधिकृत नोंदीत ती नाहीत. जी नाणी चलनासाठी पाडलीच नाहीत, ती चलनातल्या नाण्यांच्या संचात का मोजायची? लिबर्टी निकलचे छापील अल्बम सहसा १९१२ लाच संपतात, आणि तेच योग्य आहे. बाल्टिमोरचे बँकर लुईस एलियासबर्ग यांनी १९५० मध्ये त्या काळी माहीत असलेली सगळी अमेरिकन नाणी, साल आणि टांकसाळीनुसार, पुरी केली. तो पराक्रम वेगळाच होता, सगळ्यांसाठी मोजपट्टी नव्हे.

खरं तर हा छंद अमेरिकेत घरोघरी पोचला तो १९३० च्या दशकातल्या महामंदीत, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे. लोक सुट्टे पैसे चाळून एकेक सेंट त्यात बसवत. आजही फ्रँकलिन हाफ डॉलरचा संच (१९४८ ते १९६३) पस्तीस नाण्यांत होतो आणि त्यात एकही साल अप्राप्य नाही. वॉकिंग लिबर्टी हाफ डॉलरचा १९४१ ते १९४७ एवढाच छोटा संच वीस नाण्यांचा, आणि दिसायला त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. प्रत्येक नक्षीचं एकेकच नाणं घेत जाणं हाही संचच.

लख्ख करण्याबद्दल थोडक्यात: करू नका. चिंच-मीठ, लिंबू, पॉलिश, टूथपेस्ट, काहीही नको. नव्या नाण्यावरची झळाळी हा धातूच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म रेषांचा खेळ असतो. घासलं की त्या रेषा जातात आणि परत येत नाहीत. प्रतवारी करणाऱ्या संस्था अशा नाण्याला साधा दर्जा देत नाहीत, ते साफ केल्याचं लिहितात आणि किंमत तिथेच घसरते. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे आलेला हिरवट चिकट थर तेवढा शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता काढता येतो.

राहिला हमखास भावाचा दावा. लिंकन सेंटचा संच विकायला काढा. व्यापारी आधी १९०९-एस व्हीडीबी (व्हीडीबी ही नक्षीकाराची आद्याक्षरं), १९१४-डी (डी म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ), १९३१-एस पाहील आणि बहुतेक किंमत त्यांवरच ठरवेल. बाकीची नाणी जवळपास घाऊक भावाने जातात. म्हणूनच कितीतरी संच फोडून विकले जातात. १९५०-डी जेफरसन निकलची गोष्ट बोलकी आहे. जेमतेम २६ लाख पाडलं गेल्याची बातमी होताच लोकांनी त्याचे रोलच्या रोल (कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या गड्ड्या) साठवले. १९६० च्या दशकात भाव चढला आणि मग आपटला. आज ते कोरं नाणं थोडक्या डॉलरांत मिळतं.

आणि संचाची किंमत ज्या थोड्या नाण्यांवर उभी असते, नकलाही त्यांच्याच होतात. १९४४-डी सेंटमधला पहिला ४ कोरून १ केला की १९१४-डी ‘तयार’ होतं. घेण्याआधी भिंगाखाली लिंकनच्या खांद्याची कड पाहा. तिथे नक्षीकार ब्रेनर यांची आद्याक्षरं व्हीडीबी दिसली, तर नाणं १९१४ चं असूच शकत नाही, कारण ती अक्षरं खांद्यावर आली १९१८ मध्ये. मग ९ आणि १ यांच्यातलं अंतर पाहा. नकलेत ते खऱ्या नाण्यापेक्षा जास्त असतं. विक्रेता भिंग लावू देत नसेल, तर नाणं तिथेच ठेवून या.