राधाबिनोद पाल यांनी जपानला क्लीन चिट दिलीच नव्हती

परत तो फॉरवर्ड फिरतोय: "टोकियो खटल्यात एकट्या भारतीय जज राधाबिनोद पाल यांनी सत्य सांगितलं, जपानने वॉर क्राइम केलेच नव्हते, सगळा गोऱ्यांचा बनाव होता." दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या मंत्री-जनरल लोकांवर ११ देशांच्या जजांसमोर टोकियोत चालला, तो हा खटला. पाल यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे त्यांच्या नावावर खपवलेलं बघवत नाही.

"क्राइम केलेच नव्हते". पाल यांनी सगळ्या २५ आरोपींना सोडा म्हटलं हे खरंय. पण का, तर आक्रमक युद्ध छेडलं म्हणून माणसाला शिक्षा द्यायचा कायदाच तेव्हा नव्हता, मग मागाहून कायदा करून फाशी कशी देता, असं त्यांचं म्हणणं, आणि ते दमदार आहे. अत्याचारांचं मात्र वेगळं, कैद्यांना मारणं १९०७ च्या हेग करारापासूनच गुन्हा होता. जपानी सैनिकांनी नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा भक्कम पुरावा आहे हे पाल यांनी स्वतःच लिहिलंय, चीनमधल्या नानकिंगच्या कत्तलीबद्दलसुद्धा. समोरच्या मंत्री-जनरल लोकांनी तसे आदेश दिले हे सिद्ध झालं नाही, एवढंच त्यांचं मत होतं. आणि आपण भारतीयांनी तरी "केलेच नव्हते" म्हणू नये हो, अंदमानात ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला जपान्यांनी हेर ठरवून ४४ जणांना गोळ्या घातल्या, ती आपलीच माणसं होती.

"एकटे" आणि "गोरे". सगळ्यांना सोडा म्हणणारे पाल एकटेच, पण डच जज रोलिंग आणि फ्रेंच जज बर्नार्ड यांनीही विरोधी मत दिलं होतं. ११ जणांत चीनचे मेई होते आणि फिलिपिन्सचे हारानिल्या, जे स्वतः जपान्यांनी युद्धकैद्यांना बतानहून चालवत नेलं त्या जीवघेण्या पायपिटीतून वाचलेले, म्हणजे त्यांना जज बसवावं का यावर आक्षेप घ्या, पण गोऱ्यांचा बनाव कसा म्हणता?

राहिला विजेत्यांचा न्याय. हो, पक्षपात झालाच, हिरोशिमाबद्दल कोणावर खटला नाही. पण अमेरिकेने जपान्यांनाही वाचवलं हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत. सम्राट हिरोहितोला आरोपीच केलं नाही. जपानी लष्कराच्या युनिट ७३१ ने जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग केले, त्याचा प्रमुख शिरो इशी याला अमेरिकेने प्रयोगांच्या डेटाच्या बदल्यात सोडलं, शेवटी १९४९ मध्ये रशियाने खाबारोव्स्कला हाती लागलेल्या १२ जणांवर खटला चालवला, इशी मात्र १९५९ मध्ये जपानात आजारपणाने मेला, एक दिवसही शिक्षा न भोगता.