दोन मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप? काकांच्या कमेंटला उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट मोठी होती आणि चांगली तिखट पण होती, खाली दोन ओळींत उत्तर टाकून मोकळं होणं बरं दिसलं नसतं म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) फ्युजन बायोप्सीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे आधी एमआरआय काढायचा, त्यात संशय वाटतो त्या जागेवर खूण करायची, आणि बायोप्सीच्या वेळी ती खूण सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवून नेमका तिथला तुकडा घ्यायचा. काका पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं असं की दोन-तीन मिलिमीटर चुकणारं मशीन आम्ही भंगारात काढलं असतं, २०१९ च्या ट्रायलमध्ये मशीन आणि डॉक्टरची नजर यांत फरकच दिसला नाही, मग हे सगळं बिल फुगवायला आहे का, आणि त्यांच्या मित्राची फ्युजन बायोप्सी निगेटिव्ह येऊनही पीएसए (रक्तातला प्रोस्टेटच्या तपासणीचा आकडा) चढतोच आहे त्याचं काय.

ट्रायलचं आधी घेऊ. तुम्ही म्हणता ती नेदरलँड्सची फ्यूचर ट्रायल, आणि तुम्ही ती बरोबर वाचलीय. आधी एकदा बायोप्सी निगेटिव्ह आलेले २३४ पुरुष, त्यांचे तीन गट. एका गटात डॉक्टरने एमआरआय बघून मनात जागा धरली आणि सुई मारली, दुसऱ्यात सॉफ्टवेअरने, तिसऱ्यात थेट एमआरआयच्या बोगद्यात. महत्त्वाचा (म्हणजे दुर्लक्ष करून चालणार नाही असा) कॅन्सर सापडण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. पण त्याच वर्षी लंडनच्या स्मार्टटार्गेट नावाच्या फ्युजन सॉफ्टवेअरचा अभ्यास आला तो पण बघा, त्यात एकाच माणसावर दोन्ही पद्धती वापरल्या. नजरेने ८० जणांत महत्त्वाचा कॅन्सर सापडला आणि सॉफ्टवेअरनेही ८० जणांत, झाली बरोबरी, तुमचा मुद्दा सिद्ध. पण दोन्ही मिळून आकडा ९३ होता. म्हणजे नजरेने सोडलेले १३ सॉफ्टवेअरला मिळाले आणि सॉफ्टवेअरने सोडलेले १३ नजरेला. सरासरी सारखी असली तरी चुकणारी माणसं वेगळी आहेत हो! मला यातून मशीन फालतू आहे असं दिसत नाही, दोघांनाही अजून नेम नीट लागत नाही एवढंच दिसतं.

आणि नेम का लागत नाही याचं कारण टूलरूमवाल्या माणसाला पटकन कळेल. तुमचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिक्स्चरमध्ये पक्का क्लॅम्प केलेला असतो, म्हणून तुम्ही मायक्रॉनच्या गोष्टी करू शकता. इथे जॉबला क्लॅम्पच नाही. एमआरआय काढला तेव्हा माणूस उताणा पडलेला, गुदाशय रिकामा. बायोप्सीला तो डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, आणि गुदाशयात सोनोग्राफीचा प्रोब, तो मागून प्रोस्टेटला दाबतोय. ग्रंथी नुसती सरकत नाही, चपटी होते, थोडी फिरते पण. त्यात मधल्या दिवसांत मूत्राशय कमीजास्त भरलेलं, गॅस झालेला, काय काय.

आता प्रत्यक्ष काय होतं ते बघा. सुरुवातीला प्रोब फिरवून ग्रंथीचं थ्रीडी चित्र घेतात, एमआरआयमधली बाह्यरेषा त्यावर बसवतात, सॉफ्टवेअर ती ताणून-वाकवून जुळवतं, टार्गेटचं वर्तुळ उमटतं, सगळं झकास. मग डॉक्टर पलीकडच्या बाजूला पोचायला प्रोब वळवतो, भूल द्यायची सुई टोचली की पेशंट आवळून घेतो, एखादा ‘टक्’ आवाजाने दचकतो (ती बायोप्सी गन खरंच स्टेपलरसारखी वाजते), आणि ग्रंथी तीन-चार मिलिमीटर सरकलेली असते. स्क्रीनवर मात्र वर्तुळ जिथल्या तिथे, कारण प्रोबचा माग ठेवणारा यांत्रिक आर्म असो की चुंबकीय सेन्सर, त्याला कळतं प्रोब कुठे आहे, प्रोस्टेट कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. नीट बघणाऱ्याला दिसतं, ग्रंथीची खरी पांढुरकी कड एकीकडे आणि सॉफ्टवेअरची रेषा दुसरीकडे. जो डॉक्टर तिथे थांबून परत जुळवून घेतो त्याचा नेम सुधारतो, जो वर्तुळावर भरवसा ठेवून ट्रिगर दाबतो त्याचं मशीन कितीही महाग असो काही उपयोग नाही. माहितीपत्रकातला अचूकतेचा आकडा बऱ्याचदा जेलच्या नकली प्रोस्टेटवर मोजलेला असतो. जेल दचकत नाही.

आता तुमचे दोन-तीन मिलिमीटर. साधी भूमिती आहे, कागद घ्या. अर्धा सीसीची गाठ हा जुन्या काळापासूनचा महत्त्वाच्या गाठीचा एक मापदंड, गोल धरली तर तिची त्रिज्या जवळपास ५ मिलिमीटर. सुई बरोबर मधून गेली तर तुकड्यात १० मिलिमीटर गाठ येते. २ ने चुकली तर ९ च्या वर, ३ ने चुकली तरी ८, म्हणजे इथपर्यंत तुमचं बरोबर, कशाला भांडायचं. ४ ने चुकली की ६. आणि ५ ने चुकली की शून्य. उतार आधी हळू आणि मग एकदम कडा. म्हणून गाठी मोठ्या असतील तर नजर आणि मशीन सारखेच ठरणार, फरक पडणार तो छोट्या गाठीत, त्यातही पुढच्या बाजूच्या किंवा टोकाकडच्या. शिवाय गाठ आतून एकसारखी नसते, जास्त आक्रमक भाग एका कोपऱ्यात असू शकतो, कडेचा तुकडा आला तर कॅन्सर सापडतो पण ग्रेड (कॅन्सर किती आक्रमक त्याची पायरी) कमी लागते आणि मग ‘थांबून बघू’ असा सल्ला चुकीच्या माणसाला मिळतो.

मग सुधारणा कुठे चाललीय? मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे प्रोबऐवजी ग्रंथीचाच माग ठेवणं. चालू सोनोग्राफीचा सपाट काप सुरुवातीच्या थ्रीडी चित्राशी सतत ताडून बघायचा आणि वर्तुळ ग्रंथीबरोबर हलवायचं, कॅनडातल्या लंडन गावच्या रोबार्ट्स संस्थेत यावर बरीच वर्षं काम झालंय. चूक मोजायची पद्धत पण गोड आहे, ग्रंथीत कॅल्शियमचे बारीक खडे किंवा छोट्या सिस्ट (पाण्याच्या पिशव्या) असतात, तोच खडा दोन्ही चित्रांत शोधायचा, आणि जुळवल्यावर त्या दोन ठिकाणांत अंतर किती उरलं ते बघायचं. मी स्वतः चित्रं जुळवणारं सॉफ्टवेअर लिहितो, डॉक्टर नाही, पण तासन्‌तास असे खडे शोधत बसल्यावर एक कळतं, कितीतरी चूक सुईच्या आधीच झालेली असते. एमआरआयचे काप साधारण ३ मिलिमीटर जाडीचे, ग्रंथीचं वरचं आणि खालचं टोक कुठे संपतं यावर दोन रेडिओलॉजिस्टचं एकमत होईलच असं नाही. ती रेषा चुकली की पुढचं सगळं गणित त्या चुकीवर उभं.

आणि एमआरआय म्हणजे काही देवाची वाणी नाही. २०१७ च्या ब्रिटिश प्रोमिस अभ्यासात ५७६ पुरुष होते, महत्त्वाचा कॅन्सर असलेल्या शंभरातले ९३ एमआरआयने पकडले, जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने (एमआरआयशिवाय, ठरलेल्या जागांहून तुकडे घेऊन) फक्त ४८. पण ज्यांना तसा कॅन्सर नव्हता त्यांच्यात एमआरआयने शंभरातल्या ४१ जणांनाच क्लीन चिट दिली. आपल्याकडे तर टीबीमुळे किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपाय म्हणून आत बीसीजी दिल्यामुळे आलेली सूज अगदी कॅन्सरसारखी दिसते. म्हणजे नेम शंभर टक्के लागला तरी निशाणच चुकीचं असू शकतं.

मिलिमीटरने फरक पडतो का, याचं सरळ उत्तर मला बायोप्सीपेक्षा रेडिएशनमध्ये मिळालं. ग्रंथी हलते म्हणून शेक देताना तिच्याभोवती थोडी जादा जागा धरावी लागते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या मिराज ट्रायलमध्ये एका गटाला सीटीच्या आधाराने ४ मिलिमीटरची पट्टी ठेवली, दुसऱ्याला शेक चालू असतानाच एमआरआय बघत फक्त २ ची, ग्रंथी बाहेर सरकली की किरण बंद. ४ सेंटिमीटरचा गोळा धरा, ४ ची पट्टी लावली तर ५८ सीसीला मारा बसतो, २ ची लावली तर ४५ ला. हा १३ सीसीचा फरक म्हणजे गुदाशयाची आणि मूत्राशयाची निरोगी भिंत वगैरे. २०२३ मध्ये निकाल आला, लघवीचा म्हणण्यासारखा त्रास सुरुवातीच्या तीन महिन्यांत ४३.४ टक्क्यांवरून २४.४ वर. दोन मिलिमीटर, काका.

बिलाबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. रोज एमआरआय वाचणारा रेडिओलॉजिस्ट आणि भरपूर हात बसलेला युरोलॉजिस्ट एकमेकांशी बोलत असतील तर नजरेची बायोप्सी उत्तम होते, आणि ‘फ्युजन’ शब्दासाठी जादा पैसे घेऊन आत कोणी परत जुळवून बघतच नसेल तर ती लूटच. माझा आक्षेप फक्त ‘फरक पडत नाही’ या वाक्याला आहे.

आता तुमचा मित्र. मी सल्ला देऊ शकत नाही, पण त्यांनी युरोलॉजिस्टला काय विचारावं ते सांगतो. एक तर फक्त टार्गेटमधले तुकडे घेतले की बाकी ग्रंथीतले नेहमीचे पण घेतले? अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या २०२० च्या अभ्यासात ४०४ जणांची नंतर ग्रंथी काढली तेव्हा कळलं की फक्त टार्गेटवर विसंबलेल्या बायोप्सीत ८.७ टक्के लोकांचा कॅन्सर नंतर वरच्या ग्रेडचा (ग्रेड गट ३ किंवा जास्त) निघाला, नुसत्या नेहमीच्या बायोप्सीत १६.८ टक्के, आणि दोन्ही केल्यावर ३.५. आता तर गाठीच्या अगदी आजूबाजूचे तुकडे घेण्याकडे कल आहे, कारण चूक बहुतेक वेळा जवळपासचीच असते. दुसरं, एमआरआय दुसऱ्या अनुभवी रेडिओलॉजिस्टला दाखवला का, एमआरआयवरचा संशयाचा स्कोअर (१ ते ५) ४ की ५ होता की नुसता ३? आणि तिसरं, हे फारसं कोणी विचारत नाही, फ्युजन मशीनमध्ये प्रत्येक सुई कुठे गेली त्याची थ्रीडी नोंद राहते. ती डिलीट झाली नसेल तर मागून घ्या आणि टार्गेटच्या वर्तुळावर टाकून दाखवा म्हणावं. मशीनचे पैसे भरलेत ना, मग ती नोंद बघायला काय हरकत आहे, सुया वर्तुळाच्या बाहेरून गेलेल्या दिसल्या तर परत बायोप्सीचा विषय काढायला त्यांच्या हातात काहीतरी ठोस असेल.