एसीवाल्याला 'गॅस भरून जा' म्हणण्याआधी

गोव्यात हवामानबदलाचा विषय निघाला की गाडी कोळसा, मोलेचं जंगल आणि तम्नारची वीजवाहिनी यांच्यापाशी येऊन थांबते. थांबायलाच हवी, मीही त्याच बाजूचा आहे. पण उच्च माध्यमिकच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून माझी एक तक्रार आहे. आपल्याच भिंतीवरच्या एसीतून जो वायू निसटतो, त्याबद्दल आपण अवाक्षर काढत नाही.

"दर वर्सा गॅस भरचोच पडटा, सर," असं मेकॅनिक सांगतो. आपण मान डोलावतो, अडीच-तीन हजार काढून देतो आणि गार हवा खात बसतो. अहो, पण का भरावा लागतो? एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच तो फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. नळी शाबूत असेल तर यंत्र भंगारात जाईपर्यंत तेवढाच पुरायला हवा. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळाला, दुसरा अर्थच नाही.

आपल्याकडे तर तो गळायला कारणही आयतं आहे. हरमल, मोरजी, कळंगुट, कोलवा, कुठेही बघा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आउटडोअर युनिटची जाळी दोन-चार वर्षांत भुरभुरते, जोड गंजतात, नळ्या जोडणारा फ्लेअर नट सैल झालेला असतो तो वेगळाच. गळालेल्या वायूला ना रंग, ना जाणवेलसा वास. लाइटबिलातही त्याची ओळ नाही.

आता थोडं रसायनशास्त्र, कंटाळू नका. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन. त्यांच्या रेणूत दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे रेणू कंप पावला तरी विद्युतभाराचा तोल ढळत नाही आणि जमिनीतून निघणारी अवरक्त, म्हणजे उष्णतेची, किरणं आरपार निघून जातात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वाकून कंप पावला की हा तोल ढळतो, म्हणून तो १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासची उष्णता शोषतो. पाण्याची वाफ आणखी काही पट्टे अडवते. ८ ते १२ मायक्रोमीटरचा पट्टा मात्र बराचसा मोकळा आहे आणि पृथ्वीची बरीचशी उष्णता तिथूनच अवकाशात जाते. एसीतल्या वायूंमधला कार्बन-फ्लोरीन बंध नेमका याच मोकळ्या पट्ट्यात शोषतो. जिथे अडवणारं कोणी नव्हतं तिथे हे उभे राहतात, म्हणून थोडेसेही पुष्कळ होतात.

किती पुष्कळ? आर-४१०ए हा वायू अनेक जुन्या एसींत आहे. शंभर वर्षांत किती उष्णता अडते या हिशेबाने त्याचा एक किलो म्हणजे सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइड. आपली वीज मुख्यतः राज्याबाहेरून येते, कोरबासारख्या कोळशाच्या केंद्रांतून. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे एक किलो आर-४१०ए सोडणं हे तीन हजारांच्या आसपास युनिटं जाळण्यासारखं. दीड टनाचा एसी रात्री दहा-बारा युनिटं खातो असं धरा, आठ ते दहा महिन्यांच्या रात्री झाल्या. अर्धाच किलो गळाला म्हणून समाधान मानायचं असेल तर माना.

नव्या एसीतला आर-३२ बरा, त्याचा आकडा ६७५. पण तो हवेत पाचेक वर्षंच टिकतो आणि त्याचा सगळा मार सुरुवातीलाच बसतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर तोच आकडा अडीच हजारांच्या आसपास जातो. माझ्या मते आपल्याला ही वीस वर्षंच महत्त्वाची आहेत.

करार आहेत, नाही असं नाही. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे ओझोन खाणारे क्लोरीनवाले वायू मागे पडले. त्यांच्या जागी आलेल्यांनी ओझोनला सोडलं, पण उष्णता धरून ठेवायचं काम चालूच ठेवलं. म्हणून २०१६ मध्ये त्याच करारात या वायूंनाही लगाम घालणारी किगालीची दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली, आपली कपात २०३२ पासून सुरू होणार. पण तो करार नव्या वायूचं उत्पादन आणि वापर आवळतो. तुमच्या बाल्कनीतल्या सैल नटाला तो काय करणार?

त्या नटापर्यंत पोचतो फक्त मेकॅनिक, आणि त्याला आपण गळती शोधण्याचे पैसेच देत नाही. नायट्रोजनचा दाब भरून, साबणाचा फेस लावून जोड तपासायला वेळ लागतो. गॅस भरणं पटकन होतं, म्हणून तेच होतं. एसी काढताना 'गॅस लॉक' करायला हवा, म्हणजे तो आउटडोअरमध्येच कोंडून राहतो. घाईत नळी सरळ सोडली की सगळा वायू हवेत. काही जण तर नळीतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावायच्या ऐवजी गॅसच मारतात. यात मी दोष मेकॅनिकला कमी आणि घासाघीस करणाऱ्या मालकाला जास्त देतो.

प्रोपेनवर चालणारे एसी भारतात २०१२ पासून आहेत, त्यांचा तापमानवाढीचा आकडा नगण्य. लोक म्हणतात, पेट घेईल. धोका आहे, बसवणारा शिकलेला हवाच. पण स्वयंपाकघरात १४.२ किलोचा सिलिंडर शेगडीशेजारी ठेवणाऱ्यांनी एसीतल्या तीन-चारशे ग्रॅमला इतकं दचकावं, याची मला गंमत वाटते.

घरच्या एका एसीपेक्षा हॉटेलांची गोष्ट मोठी. पन्नास खोल्यांच्या हॉटेलात वर्षभरात किती गॅस भरला, याची नोंद ठेवायला एक वही पुरते. परवाना नूतनीकरणाच्या वेळी ती वही मागितली तर आक्षेप कोणाचा असेल? कामाची वेळही आपल्याकडे ठरलेली आहे. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर खोल्या रिकाम्या, मेकॅनिकही मोकळे. तेव्हाच गळती तपासून घ्या. ऑक्टोबरात पाहुणे दारात आल्यावर 'लवकर भर आणि जा' याशिवाय दुसरं काही कोणी म्हणत नाही.

पेडणे-बार्देश भागात गॅस काढून साठवायचं रिकव्हरी मशीन ठेवणारा मेकॅनिक कोणाच्या ओळखीत आहे का? असेल तर मेसेज करा. आमच्या शेजारच्या गेस्टहाउसचे चार जुने एसी पावसाळ्यात काढायचे आहेत.