पेटी विकायची आहे म्हणे

सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर खालच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यातच भेटले. "अहो, तुमच्या ओळखीत पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेणारं कोणी आहे का? स्केल चेंजरची आहे, पट्टी बदलता येते, फारशी वापरलेलीही नाही. पोरगी आता हात लावायला तयार नाही, उगाच जागा अडवून बसलीय."

मी "बघतो" म्हटलं आणि पुढे गेलो. दूध घेतलं, घरी आलो, चहा झाला, पेपर झाला, पण डोकं तापलेलंच. ऑफिसला निघेपर्यंत बायकोने दोनदा विचारलं, काय झालंय. आता रात्री जेवणं उरकून लिहायला बसलोय. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

ही मुलगी आमच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. शाळेत असल्यापासून गाणं शिकते, मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्यात, सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी तिचं एक पद ठरलेलं. गेल्या पावसाळ्यात कॉलेजकडून स्पर्धेला गेली. द्रुत बंदिश, म्हणजे जलद लयीतली चीज, चालू असताना ताना विसरली, थांबली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि खाली हसरे चेहरे डकवून ग्रुपवर टाकलं. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून घरात गुणगुणणंसुद्धा बंद. आणि आता पेटी विकायची.

आधी त्या व्हिडिओ काढणाऱ्याला चार शब्द ऐकवावेसे वाटले. ते इथे लिहिता येणार नाहीत, माझ्या यादीत सासरचे लोक आहेत.

पण खरं सांगू का, त्याच्यापेक्षा जास्त राग मला "हार मानू नकोस" वाल्यांचा येतो. या मुलीच्या आईने तिला कुठल्या कुठल्या वक्त्यांचे व्हिडिओ पाठवलेत. स्वतःवर विश्वास ठेव, तू करू शकतेस, जिद्द, चिकाटी, उगवता सूर्य. अरे, तिचा विश्वास गेलाय हेच तर दुखणं आहे! ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला "पैसे काढ" म्हणून काय होणार?

मला हे इतकं का लागतं ते माझ्या जुन्या मित्रांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. पंचविशीत मी बऱ्यापैकी पेटी वाजवायचो. नोकरी सांभाळून साथीला जायचो. एकदा एका मोठ्या गवयांच्या साथीला बसायचा योग आला. नाव सांगणार नाही, ते आता हयात नाहीत. उपनगरातलं सभागृह, पुढच्या रांगेत जाणकार मंडळी. द्रुतमध्ये बुवांनी एक तान उचलली, ती कुठे जाणार ते मला कळलं असं मला वाटलं आणि माझी बोटं त्यांच्या आधी तिथे पोचली. ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग श्रोत्यांकडे, आणि म्हणाले, "काय हो, शेवटची लोकल पकडायचीय का?"

सभागृह हसलं. मनापासून हसलं. विनोद चांगलाच होता. आणि मला खरोखरच शेवटची लोकल पकडायची होती, ते अजून वेगळंच. उरलेला वेळ मी नुसता षड्ज, म्हणजे सा, धरून बसलो. घरी आलो, पेटी कपाटावर टाकली. त्यानंतर कित्येक वर्षं ती उतरवली नाही. लग्न झालं, मुलगा झाला, बदली झाली, ट्रकमधून पेटी या गावातून त्या गावात गेली, तशीच बंद. कुणी विचारलं तर म्हणायचो, "वेळ कुठे मिळतो हो."

पेटी पुढे गेली होती, हे मान्य. साथीदाराने गायकाच्या मागे चार पावलं असावं, हे मलाही कळतं. पुढे.

आता कुणीतरी कमेंटमध्ये येऊन कुमार गंधर्वांचं उदाहरण देणार, मी आत्ताच सांगून ठेवतो, देऊ नका. क्षयाने त्यांचं फुफ्फुस गेलं, देवासला अंथरुणावर पडून वर्षानुवर्षं गाणं बंद होतं आणि मग ते परत आले ते नवंच गाणं घेऊन. थोरच. पण त्यांचं फुफ्फुस गेलं होतं, गाण्यावरचा भरवसा गेला होता असं कुठे दिसतं? भास्करबुवा बखल्यांचंही सांगतात. पोरवयात नाटक कंपनीत होते, आवाज फुटला तशी किंमत संपली. पुढे त्याच भास्करबुवांनी बालगंधर्वांना शिकवलं. ऐकायला फार छान वाटतं. पण या गोष्टी सगळ्या शेवटाकडून मागे सांगितलेल्या असतात. जे परत आलेच नाहीत, त्यांच्या गोष्टी कोण सांगतं? आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला कुमार गंधर्व दाखवून काय साधणार? ती म्हणणार, मी कुठे, ते कुठे. आणि ती बरोबरच असणार.

मला विचाराल तर तिने स्पर्धा सोडाव्यात. स्टेज सोडावं. खुशाल सोडावं, कुणाला कारण देत बसू नये. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी मैफल सोडली. कारणं काय होती त्यात मी पडत नाही, लोकांनी त्यावर हवं तेवढं चघळून झालंय. पण घरात बसून त्यांनी सतारिये निखिल बॅनर्जी घडवले, बासरीवाल्या हरिप्रसाद चौरसियांना शिकवलं. मैफल नाही म्हणजे संगीत नाही, हे कुणी ठरवलं? आत्मविश्वास लागतो तो चारशे माणसांसमोर बसून "ऐका" म्हणायला. सा लावायला तो कशाला लागतो? सा लावायला तंबोरा लागतो.

आणि इथेच माझं डोकं खरं फिरतं. ज्याचा धीर सुटलाय अशा माणसाला बसायला आपल्या संगीतात पूर्वी कितीतरी जागा होत्या. गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसायचं. शिष्य बसायचे, मधूनच बुवांनी मान वळवली की एखादा सूर लावायचा, नाहीतर गप्प तारा छेडत राहायचं. तुमच्याकडे कुणी बघत नाही, पण तुम्ही मैफलीच्या मधोमध असता, अख्खा राग तुमच्या कानाखालून जातो. तबल्याच्या सोलोला लेहरा धरायचा. चंद्रकंसातली सोळा मात्रांची एक धून, तीच ती, पुन्हा पुन्हा. टाळ्या सगळ्या तबलजीला. कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं. नाटकात पडद्याआड ऑर्गनपाशी. या जागांवर बसून माणसं शिकली, सावरली, काही जण पुढे सरकली, बरीचशी आयुष्यभर तिथेच सुखाने बसली.

आज त्या जागांवर कोण बसलंय? डबी! इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालू केला की झालं. लेहऱ्याचं ॲप आहे, लय आकड्यात टाका, तासभर वाजत राहील, दमणार नाही, पुढे धावणार नाही, त्याला शेवटची लोकल नाही. सुगम गाणाऱ्यांकडे ट्रॅक. सोय आहे, नाकारत नाही, माझ्याही फोनमध्ये ते ॲप आहे. पण मागची सगळी आसनं उचलली आणि पुढचं एकच ठेवलं, तर जो पुढून उठला तो थेट दाराबाहेरच जाणार ना?

आणि आपण पांढरपेशे आईबापही तसेच. मुलगी भजनी मंडळात टाळ वाजवते हे कुणाला सांगणार नाही, ऑडिशनला निवड झाली तर पेढे वाटू. क्लासची फी भरतो म्हणजे निकाल पाहिजे. एक तर पूर्णवेळ कलाकार, नाहीतर पेटी विका. वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करत होते, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी कुणी गिऱ्हाईक शोधलं नाही. (बघा, थोरांची उदाहरणं देऊ नका म्हणून मीच देत सुटलोय.)

जरा थांबून पाणी पिऊन आलो.

त्या मुलीच्या वडिलांना मी वाईट म्हणत नाही. फ्लॅट एवढासा, हप्ते चालू, आणि रोज ती बंद पेटी बघून पोरीचा चेहरा उतरतो ते त्यांनाही बघवत नसणार. कदाचित म्हणूनच विकायची असेल. सकाळी हे मला सुचलं नाही.

आणि हेही खरं, की काही माणसांना सोडल्यावर मोकळं वाटतं. माझा एक मित्र सतार सोडून ट्रेकिंगला लागला, त्याच्याइतका आनंदी माणूस मी पाहिला नाही. अशांनी सोडावंच. पण मोकळं वाटणारा माणूस गुणगुणणं बंद करत नाही हो. घरात कुकरच्या शिट्टीबरोबरसुद्धा जी सूर जुळवायची ती पोरगी गप्प बसलीय, हे मोकळं होणं नाही.

माझ्या पेटीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. परत वाजवायचं वगैरे मी काही ठरवलं नव्हतं. मामाच्या गावी गणपतीला गेलो होतो, कणकवलीच्या पुढे. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, तिथे गणपतीत रात्रभर वाडीतलं भजन घरोघर फिरतं. बुवा स्वतः पेटी वाजवून गातात, पखवाज, झांजा, मागे कोरस, आणि प्रत्येक घरी उसळपाव नाहीतर करंज्या. त्या रात्री आमच्या बुवांना ताप भरला. गाईन म्हणाले, पण पेटी ओढवत नव्हती. मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी नको नको म्हणत होतो, बरीच वर्षं हात नाही, बोटं वळत नाहीत. तर पखवाजवाले आजोबा चिडून म्हणाले, "येता तितक्या वाजय, रवला ता देव बघतलो."

वाजवलं. चुकलो, भरपूर चुकलो. एकदा तर गजरात भलतीच पट्टी दाबली. कुणाला कळलं नसेल असं नाही, त्या लोकांचे कान फार तयार असतात. पण झांजा इतक्या जोरात होत्या आणि सगळे इतके गाण्यात होते, की कुणी मान वळवून बघितलं नाही. पुढचं घर, पुढचा गजर. पहाटेपर्यंत माझी बोटं सैल झाली होती. आत्मविश्वास आला होता का? छे. तो अजूनही आलेला नाही. आजही कुणी साथीला बोलावलं की हसू ऐकू येतं ते सभागृहातलं, आणि मी काहीतरी कारण काढतो. पण भजनाला जातो. दर एकादशीला इथल्या देवळात पेटी माझ्याकडे असते.

पेटीचं तर नशीबच असं. १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केलं. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) लागत नाहीत, परदेशी आहे, आपल्या गाण्याला चालणार नाही. तीसेक वर्षं बंदी. देशाच्या रेडिओनेच "तू लायक नाहीस" म्हणून सांगितल्यावर आणखी काय उरतं? आणि त्या आक्षेपांत तथ्य नव्हतं असंही नाही, मींड खरंच निघत नाही. पण कीर्तनात वाजत होती, भजनात वाजत होती, नाटकात, घराघरांत वाजत होती. पी. मधुकर वाजवत होते, आप्पा जळगावकर वाजवत होते, तुळशीदास बोरकर शिकत होते. पुढे बोरकरांना पद्मश्री मिळाली ती या पेटीवरच.

असो. संध्याकाळी ऑफिसातून येताना त्यांच्याकडे गेलो. वडिलांना म्हटलं, गिऱ्हाईक शोधू नका, जागा अडते तर माझ्याकडे ठेवा, माझ्या कपाटावर एक आहेच, दुसरी सांभाळेन. मुलगी आतल्या खोलीत होती. तिला हाक मारून एवढंच सांगितलं, की समोरच्या इमारतीत तबल्याचा क्लास चालतो, तिथले सर माझ्या ओळखीचे आहेत. सहावी-सातवीतली पोरं मोबाइलच्या लेहऱ्यावर कायदे (तबल्याच्या बोलांच्या रचना) घोटतात आणि सरांना ते आवडत नाही, ॲप पोरांच्या अंगावर येतं म्हणतात. शनिवारी तासभर कुणी लेहरा धरेल का, विचारत होते. गायचं नाही, तान नाही, स्पर्धा नाही. तीनताल, एक धून. ती पोरं आपापल्या हातांकडेच बघत असतात, तुझ्याकडे बघायला कुणाला फुरसत नसणार.

ती म्हणाली, "काका, लय हलली तर?"

म्हटलं, हलेल. सर ओरडतील. ते सगळ्यांवरच ओरडतात.

हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. आईने मात्र लगेच "हो हो, येईल ती" म्हणून टाकलं, ते मला आवडलं नाही, पण मी कोण बोलणार.

तर आता मुद्द्याचं. पेटी उघडून बघितली. भाता ठीक आहे, पण मधल्या सप्तकातले दोन सूर बसलेत आणि एक पट्टी दाबली की वर येत नाही. डोंबिवली-कल्याण भागात घरी येऊन पेटी दुरुस्त करणारा कुणी चांगला माणूस माहीत असेल तर कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये नंबर टाका. शनिवारच्या आत झालं तर बरं. आणि कृपा करून उगवत्या सूर्याचे फोटो पाठवू नका.