काकांचे मासे

परवाच्या रविवारी माझ्या गळाचं बूच पाण्याखाली गेलं, काठी वाकली, आणि मला जागचं उठता आलं नाही, कारण मी मांडीवर कागद ठेवून रामनाम लिहीत बसलो होतो. का, ते सांगतो. पण आधी थोडी चिडचिड ऐकून घ्या.

मी रेवदंड्याकडचा. आमच्याकडे गळ टाकायला जागा शोधावी लागत नाही, खाडी परसातच. पुण्यात बदली झाली, सिंहगड रोडला फ्लॅट घेतला, सामानात काठी, रीळ, तंगूस आणि गऱ्यांची डबी आली. बायको म्हणाली, ‘हे कुठे ठेवायचं?’ मी म्हटलं, ‘कुठे वापरायचं ते आधी बघू.’

टेक्सासातला मावसभाऊ दर शनिवारी बास धरतो आणि माशाबरोबर स्वतःचाही फोटो पाठवतो. तिथे कुठल्या तळ्यात काय मिळतं ते सरकारच सांगतं. परवाना फोनवर निघतो. दिवसाला पाच बास, १४ इंचांच्या आतला लागला तर परत पाण्यात. ‘तुमच्या पुण्यात नाही का रे बास?’ असं तो विचारतो. अरे बाबा, आपला जिताडा म्हणजे सी बासच, आशियाई. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, एवढी त्याची तडजोडीची तयारी. पण घाट चढून मुळशीला यायला तोही राजी नाही.

मग म्हटलं, बास नाही तर नाही. मरळ चालेल, वाम चालेल, अगदी चिलापीसुद्धा चालेल. फक्त कुठे बसायचं ते कोणी सांगा.

इथेच गोम आहे. पुण्यात पाण्याचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, मासा कुठे लागतो ते सोडून. ऑफिसातल्या मॅडमना विचारलं, ‘पानशेतला गळ टाकता येतो का?’ त्यांनी मला १२ जुलै १९६१ सांगितला. धरण कसं फुटलं, खडकवासला कसं गेलं, त्यांच्या सासूबाई तान्हं मूल घेऊन कुठल्या माळ्यावर चढल्या, सगळं. डबा संपला, मासा आला नाही. कात्रजच्या तलावाचं नाव काढलं तर शेजारच्या जोशीकाकूंनी नानासाहेब पेशव्यांपासून सुरुवात केली, भुयारी नळांतून पाणी शनिवारवाड्यापर्यंत नेलं आणि मला पेठेत सोडून दिलं. खडकवासल्याला स्वतः जाऊन आलो. एका बाजूला एनडीए, म्हणजे लष्करी प्रबोधिनी, तिथे काठी घेऊन फिरलो तर मलाच गळाला लावतील. दुसऱ्या बाजूला चौपाटी, भाजलेली कणसं, कांदाभजी, आणि रविवारी संध्याकाळी अशी गाड्यांची रांग की मासेच रस्त्यावर येऊन बघत असतील.

रीतसर परवानगी काढावी म्हटलं. धरणांतल्या मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांना दिलेले असतात, ते ठीकच आहे, त्यांचं पोट आहे त्यावर. पण हौशी माणसाने एक काठी टाकली तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे धाडलं. दुसऱ्याने विचारलं, ‘किती टन?’ मी म्हटलं, ‘एक मासा.’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. शेवटी म्हणाले, ‘अहो, बाजारात मिळतो की साफ करून.’

हे वाक्य मला या शहरात इतक्या जणांनी ऐकवलंय की आता ते ऐकलं की डोकं फिरतं. गिर्यारोहकाला कोणी विचारतं का, राजगडावर गाडी का नेत नाही म्हणून?

आणि नदी? नदी आहे की, दोन दोन आहेत. १९४२ साली फ्रेझर नावाच्या साहेबाने पुण्याच्या माशांची यादी करून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापली होती. त्यातले कितीतरी नंतरच्या अभ्यासकांना सापडलेच नाहीत. सापडली ती आफ्रिकेतून आलेली चिलापी. मुठेच्या पुलावर एक दिवस उभा राहिलो, खाली बघितलं, वास घेतला, आणि काठी पिशवीतून बाहेरसुद्धा न काढता परत आलो. यात विनोद करण्यासारखं मला काही दिसत नाही, म्हणून पुढे जातो.

तर शेवटी एक तलाव मिळाला. कुठला ते सांगणार नाही. मला कोणी सांगितलं नाही, मी का सांगू? गावाच्या कडेला आहे, एवढं पुरे. पहाटे गेलो, दगड निवडला, कणकेचा गोळा गरीला लावला, बूच सोडलं. पाणी शांत. मनात म्हटलं, जमलं.

‘ते माझे मासे आहेत.’

मागे वळून बघितलं. स्वेटर, कानटोपी, हातात स्टीलचा डबा. सत्तरीचे काका.

‘म्हणजे तुमचा ठेका आहे का?’

‘ठेका कसला? मी त्यांना रोज खायला घालतो.’ काकांनी डबा उघडला. आत कणकेच्या बारीक गोळ्या, एकसारख्या, वाटाण्याएवढ्या. ‘प्रत्येकीत चिठ्ठी आहे. रामनामाची. रोज १०८.’

‘अरे वा,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

‘आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अडकलंय. गुरुजींनी हा उपाय सांगितला.’

‘फरक पडला?’

‘अकरापैकी दोन जण सह्या करत नव्हते. आता एकच करत नाही.’ ते माझ्या बुचाकडे बघत म्हणाले, ‘आता मला सांगा. तुम्ही जो मासा धराल, त्याच्या पोटात माझ्या चिठ्ठ्या असणार. तो तुम्ही नेणार, कापणार, तळणार. मग त्या चिठ्ठ्यांचं पुण्य कोणाला?’

या प्रश्नाला मी तयार नव्हतो. ‘पुण्य तर घातलं तेव्हाच मिळालं ना तुम्हाला?’

‘मासा जगला तर. मधेच गेला तर ते खातं बंद.’ काका बँकेतून निवृत्त असणार, माझी खात्री आहे. ‘आणि तुमच्या गरीला काय लावलंय?’

‘कणीक.’

‘बघा! माझीच सवय लावलेले मासे, माझ्याच पदार्थाने फसवताय. गांडूळ लावलं असतंत तर मी एक शब्द बोललो नसतो.’

मी काठी गुंडाळायला लागलो. तर म्हणाले, ‘नाही नाही, मी अडवत नाही. धरा. पण भरपाई करा.’ आणि स्वेटरच्या खिशातून कापलेल्या कागदी पट्ट्यांचा जुडगा आणि पेन काढून माझ्या हातात दिलं. ‘एका माशामागे एकवीस. आधी लिहा, मग धरा.’

आता तुम्ही म्हणाल, उठून जायचं होतं. एवढ्या पहाटे, एवढी जागा शोधून? बसलो लिहायला. काका शेजारी बसून एकेक पट्टी तपासत होते. ‘हा र आहे की स? मासा काय समजेल?’ दोन पट्ट्या त्यांनी नापास केल्या.

आणि तेव्हाच बूच डुबलं. एकदा, दोनदा, मग सरळ खाली. काठी दगडावरून घसरायला लागली. मी उठायला गेलो तर काकांनी मनगट धरलं. ‘नाम अर्धवट टाकायचं नाही. “म” पुरा करा.’

मी ‘म’ पुरा केला. तंगूस सैल पडलं होतं. ओढून बघितलं तर गरी स्वच्छ, कणीक गायब. काका खूष. ‘नाव पूर्ण झाल्याबरोबर सुटला! बघितलंत?’

बघितलं. चांगला किलोभराचा असणार, काठी वाकली त्यावरून सांगतो. मरळ असेल तर काळजाला घर पडेल, म्हणून मी तो चिलापी होता असं ठरवून टाकलंय.

उरलेल्या पट्ट्याही त्यांनी लिहून घेतल्या. ‘धरला नाही, पण दुखावला तर असेल.’ मग नंबर मागितला. मी शेवटचा आकडा बदलून सांगितला. त्यांनी तिथेच लावून बघितला आणि म्हणाले, ‘वाजत नाही तुमचा.’ खरा द्यावा लागला.

काल रात्री मेसेज आला. शेवटच्या सभासदाने सही केली म्हणे, रविवारच्या दुपारीच. खाली लिहिलंय: ‘आता बिल्डरसाठी सुरू करतोय. रविवारी या. गळ नको. पातळ कागद मिळाला तर आणा.’